बेंगळुरूत राहायला येताय? पहिलं वाक्य कन्नडमधलं असू द्या

पुण्याहून, कोल्हापूरहून किंवा नागपूरहून नोकरीसाठी इकडे निघालेल्या प्रत्येकाला कुणीतरी आधीच सांगून ठेवलेलं असतं, की तिकडे हिंदी-इंग्रजीवर निभावतं. निभावतं, खोटं नाही. ऑफिसात निभावतं, मॉलमध्ये निभावतं, ॲपवर तर बोलावंच लागत नाही. पण घरमालक, बसचा कंडक्टर, पाण्याचा टँकरवाला, रात्री वीज गेल्यावर येणारा लाईनमन, पोलीस ठाण्यातला हवालदार ही माणसं ऑफिसबाहेरची आहेत. त्यांच्याशी नुसतं निभावायचं म्हटलं तर बराच वेळ जातो, कधी पैसेही जातात.

बरीच वर्षं इथे काढल्यावर माझं मत असं झालंय, की या शहराला तुमच्याकडून अस्खलित कन्नडची अपेक्षा नाही. पहिलं वाक्य कन्नडमध्ये हवं, इतकंच. त्यानंतर समोरचा माणूस स्वतःच हिंदी, इंग्रजी, तमिळ, जे काही जमेल त्यावर येतो. तुम्ही सुरुवातच हिंदीत केलीत तर तोच माणूस, हिंदी येत असूनही, ‘गोत्तिल्ल’ (माहीत नाही) म्हणून मोकळा होतो. यात चिडण्यासारखं काय आहे हे मुंबईत आयुष्य काढलेल्या मराठी माणसाला समजावून सांगायची गरज नसावी.

खाली जे लिहिलंय ते साधारण ज्या क्रमाने लागतं त्या क्रमाने.

यायच्या आधी: चार वाक्यं आणि शंभरपर्यंत आकडे

वाक्यं ही:
‘नमस्कार, कन्नड स्वल्प स्वल्प बरत्ते, कलीता इद्दीनि.’ (थोडं थोडं येतं, शिकतोय.)
‘निधानवागि हेळि.’ (सावकाश सांगा.)
‘एष्टु?’ (किती?)
‘बेकु’ आणि ‘बेडा’. (हवं आणि नको.)

पहिलं वाक्य तर आरशासमोर म्हणून बघा इतकं कामाचं आहे.

आकड्यांकडे मात्र लोक दुर्लक्ष करतात आणि नंतर भाजीवालीपुढे बोटं दाखवत बसतात. ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु, ऐदु, आरु, एळु, एंटु, ओंबत्तु, हत्तु. पुढे इप्पत्तु म्हणजे २०, मूवत्तु ३०, नलवत्तु ४०, ऐवत्तु ५०, नूरु १००. यात मराठीसारखी पंचवीस-सव्वीसची भानगड नाही. आधी वीस, मग पाच, म्हणजे इप्पत्तैदु. घोटाळा होतो तो एप्पत्तु (७०), एंबत्तु (८०) आणि तोंबत्तु (९०) यांच्यात. रिक्षावाला भाडं सांगताना हे तीन नीट ऐका, शंका आली तर फोनवर आकडा टाइप करून दाखवा. कुणाला वाईट वाटत नाही.

आदराचं एक सूत्र लक्षात ठेवा. क्रियापदाच्या शेवटी ‘इ’ आला की ते अहो-जाहो: बन्नि (या), कोडि (द्या), हेळि (सांगा). तो गेला की अरे-तुरे: बा, कोडु, हेळु. ऑफिसातले मित्र आपापसात ‘बा मगा, कोडु मगा’ (ये रे, दे रे) करतात. तेच ऐकून ऐकून तोंडात बसतं आणि मग साठीच्या दुकानदाराला कुणी ‘कोडु’ म्हणतं. नवशिक्या म्हणून लोक सोडून देतात, पण कपाळावरची आठी दिसते. अनोळखी पुरुषाला ‘सर’ किंवा ‘अण्णा’, बाईला ‘अम्मा’, ‘अक्का’ किंवा ‘मॅडम’. ‘सर’ इथे सगळ्यांनाच चालतं, रिक्षावाल्यालाही.

सांगली, कोल्हापूर, सोलापूर, अक्कलकोट भागातल्या मंडळींना सीमेवरचं कन्नड कानावरून गेलेलं असतं. ते ‘बर्री’, ‘एन्री’वालं उत्तरेकडचं कन्नड. बेंगळुरूत ‘बन्नि’ म्हणतात, पण तुमचं ‘बर्री’ बदलायची घाई करू नका. धारवाडकडची बोली ऐकली की इथला माणूस हसतो, आणि ते हसणं आपुलकीचं असतं.

घर शोधताना

पहिल्यांदा हे समजून घ्या, की ‘बेंगळुरूची भाषा’ गल्लीगणिक बदलते. २०११ च्या जनगणनेत इथे कन्नड मातृभाषा सांगणारे निम्म्याहूनही कमी निघाले. बाकीच्यांत तमिळ, तेलुगू आणि उर्दूवाले मोठ्या संख्येने. हे काही आयटीमुळे झालेलं नाही. इंग्रजांनी १८०९ मध्ये इथे लष्करी छावणी हलवली. छावणीबरोबर तमिळ मजूर, व्यापारी आणि दखनी, म्हणजे दक्षिणेकडची उर्दू, बोलणारे मुसलमान आले. जुनी पेठ एका बाजूला, छावणी दुसऱ्या बाजूला, दोघांच्या नगरपालिकाही वेगळ्या. त्या एकत्र झाल्या १९४९ मध्ये. आजही शिवाजीनगर, फ्रेझर टाउनकडे दखनी आणि तमिळ जास्त कानावर येते, हलसूरुत तमिळ, बसवनगुडी, मल्लेश्वरम, राजाजीनगर, विजयनगरमध्ये कन्नड, व्हाइटफील्ड, बेळ्ळंदूरच्या सोसायट्यांत हिंदी, तेलुगू आणि इंग्रजीची मिसळ. शिवाजीनगरात तर आपला ‘नको’ चक्क ‘नक्को’ होऊन भेटतो.

आणि हो, पेठेत मराठी कानावर आली तर नवल वाटू देऊ नका. १६३८ मध्ये विजापूरच्या फौजेने हे गाव घेतलं आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आलं. तेव्हापासून इथे मराठी घरं आहेत. त्यांची मराठी तुमच्यापेक्षा जुनी आणि कन्नडच्या चालीची वाटेल. तिला हसू नका.

म्हणून घर बघताना ऑफिसपासूनचं अंतर पाहता तसं आसपासची भाषाही पाहा. कन्नड शिकायचं मनात असेल तर व्हाइटफील्डच्या वीस मजली इमारतीत ते होणं अवघड आहे. लिफ्टपासून किराण्यापर्यंत कुणी तुमच्याशी कन्नड बोलणारच नाही. जुन्या वस्तीतलं दोन मजली घर, खाली मालक आणि वर तुम्ही, ही उत्तम शाळा. मालकीणबाई सकाळी ‘तिंडि आय्ता?’ विचारतात, म्हणजे नाश्ता झाला का. दुपारी तोच प्रश्न ‘ऊटा आय्ता?’ असा येतो. याला यादी वाचून दाखवायची नसते. ‘आय्तु, निम्दु?’ (झालं, तुमचं?) एवढं म्हटलं की झालं.

फाटकांवरच्या पाट्या वाचता यायला हव्यात. ‘बाडिगेगे’ म्हणजे भाड्याने. ‘बोग्यक्के’ म्हणजे इथल्या भाषेत ‘लीजला’, आणि इथे नवा माणूस हमखास फसतो. लीज म्हणजे आपल्याकडचा भाडेकरार नव्हे. दोन-तीन वर्षांसाठी एकरकमी मोठा आकडा मालकाला द्यायचा, महिन्याचं भाडं शून्य, आणि घर सोडताना पूर्ण रक्कम परत घ्यायची. मालक सचोटीचा असेल तर फायद्याचं. नसेल तर तुमची सगळी पुंजी अडकली. घराची कागदपत्रं वकिलाला दाखवल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका. ‘ॲडव्हान्स’ म्हणजे अनामत. पूर्वी दहा महिन्यांचं भाडं सर्रास मागत; आता घासाघीस चालते, तेव्हा करा.

मालकाला एक प्रश्न कन्नडमध्येच विचारा: ‘कावेरी नीरु इदेया?’ म्हणजे कावेरीचं, नळाचं पाणी आहे का. नुसतं ‘पाणी आहे ना?’ विचारलं की उत्तर ‘आहे’ असंच येतं, आणि राहायला गेल्यावर कळतं की ते बोअरचं आहे आणि उन्हाळ्यात टँकर मागवावा लागतो.

रिक्षा, बस, मेट्रो

रिक्षासाठी तीन शब्द पुरतात: नेरा (सरळ), एडक्के (डावीकडे), बलक्के (उजवीकडे). थांबवायचं तर ‘इल्लि निल्लिसि’. ‘मीटर हाकि’ म्हणून पाहायला हरकत नाही, लागेलच असं मात्र नाही. मीटरवर वीस-तीस जास्त अशी बोली होते, ती बसण्याआधीच करून घ्या. ‘नम्म यात्री’ हे ॲप इथल्या रिक्षावाल्यांत चांगलं रुळलंय. भाडं आधीच दिसतं, पण चालक फोन करून ‘एल्लि सर?’ (कुठे सर?) विचारतोच. जवळच्या दुकानाचं किंवा देवळाचं नाव आणि ‘हत्तिरा’ (जवळ) एवढं सांगता आलं की काम झालं.

बीएमटीसीच्या, म्हणजे शहर बससेवेच्या, बसवर ठिकाणाचं नाव कन्नडमध्ये मोठं असतं, मार्गाचा क्रमांक मात्र आपल्या ओळखीच्या इंग्रजी आकड्यांत. तेव्हा ५००-डी, ३३५-ई असे आपल्या कामाचे क्रमांक पाठ करा. शंका असेल तर ‘ई बस मॅजेस्टिकगे होगत्ता?’ (ही बस मॅजेस्टिकला, म्हणजे मुख्य बसस्थानकाला, जाते का?) एवढं विचारा. कंडक्टर ‘मुंदे होगि, मुंदे होगि’ ओरडत असतो, म्हणजे पुढे सरका. ‘होल्डान’ म्हणजे गाडी थांबवा आणि ‘रैट रैट’ म्हणजे निघा. हे इंग्रजी आता कन्नडच झालंय. ‘चिल्लरे कोडि’ला तर भाषांतरच नको. याच शहरातल्या बसमध्ये, घरी मराठी बोलणारा शिवाजीराव गायकवाड नावाचा एक कंडक्टर होता. तो पुढे तमिळ पडद्यावर रजनीकांत झाला. घरची भाषा एक, पोटाची दुसरी आणि नावाची तिसरी, हे इथे अगदी नेहमीचं.

महिलांसाठी महत्त्वाचं: ११ जून २०२३ पासून ‘शक्ती’ योजनेत कर्नाटकात राहणाऱ्या महिलांना साध्या सरकारी बसमधून मोफत प्रवास आहे. त्यासाठी ओळखपत्रावर कर्नाटकातला पत्ता लागतो. आधार अजून सातारा-नाशिकचं असेल तर मुकाट्याने तिकीट काढा. त्यावर कंडक्टरशी हुज्जत घालून काही निघत नाही.

मेट्रो ही फुकटची शिकवणी. दर स्थानकाआधी ‘मुंदिन निल्दाण’ (पुढचं स्थानक) येतं, त्यामागोमाग इंग्रजी. कन्नड घोषणांतला तो नितळ आवाज निवेदिका अपर्णा यांचा. त्या २०२४ मध्ये गेल्या. शब्द कुठे तोडायचा, दीर्घ कुठे ओढायचा, हे त्यांचं ऐकून जेवढं कळतं तेवढं कुठल्या ॲपवर कळत नाही. पाट्या कन्नड आणि इंग्रजीत आहेत. हिंदीही होती, ती २०१७ मधल्या आंदोलनानंतर काढली गेली. ‘हिंदी का नाही?’ हा प्रश्न डब्यात मोठ्याने विचारायचा नसतो.

लिपी: याला एक पंधरवडा द्या

बोलणं जमलं तरी वाचणं लोक टाळतात. मराठी माणसाने टाळू नये, कारण निम्मं काम शाळेत झालेलं आहे. क ख ग घ ङ हाच क्रम, तीच बाराखडी (तिला इथे ‘कागुणित’ म्हणतात), फक्त अक्षरं गोल. जोडाक्षरात दुसरं अक्षर खाली लटकतं. शिवाय आपल्याकडे नसलेले ऱ्हस्व ए आणि ऱ्हस्व ओ आहेत. ते कानाने शिकायचे.

सराव पाट्यांवर करा. २०२४ मधल्या कायद्यातल्या दुरुस्तीनंतर दुकानांच्या पाटीवर ६० टक्के जागा कन्नडला देणं बंधनकारक झालं. त्यामुळे रस्ताभर वाचायला मजकूरच मजकूर आहे, आणि बहुतेक ठिकाणी खाली इंग्रजीत उत्तरही लिहिलेलं. ‘हळ्ळि’ (खेडं) हा शब्द आधी ओळखायला शिका. गावांच्या नावात तो जागोजागी सापडतो, आणि त्यातला ळ उत्तरेकडच्या सहकाऱ्यांना सात जन्मांत जमत नाही. आपल्याला जमतो. एवढा एक आनंद मनातल्या मनात घ्यायला हरकत नाही.

बाजार आणि खानावळ

मल्लेश्वरमच्या आठव्या क्रॉसला संध्याकाळी उभं राहून बघा. फुलांच्या टोपलीमागे बसलेली अम्मा शेजारणीशी तमिळ बोलत असते, गिऱ्हाइकाला कन्नडमध्ये भाव सांगते, तेवढ्यात समोरच्या हातगाडीवाल्याला दखनीत सुट्टे मागते. तिन्ही भाषांत तिचा हात थांबत नाही. गजरा वजनावर मिळत नाही, ‘मोळ’वर मिळतो: कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत एक माप. ‘ओंदु मोळ मल्लिगे कोडि.’ मोळ तिच्या हाताचा. ठेंगण्या अम्माकडे घेतलात तर गजरा आखूडच येणार, त्याला इलाज नाही.

भाजीत पालेभाजी म्हणजे सोप्पु: मेंत्ये सोप्पु (मेथी), कोत्तंबरि सोप्पु (कोथिंबीर). जुडीला कट्टु. पाव किलो म्हणजे ‘कालु केजी’, अर्ध्याला ‘अर्ध केजी’. कांदा ईरुळ्ळि, बटाटा आलुगड्डे, दूध हालु, दही मोसरु, तूप तुप्प. भाव जास्त वाटला तर ‘जास्ति आय्तु, कडिमे माडि’. आणि पिशवी भरत सुटली तर ‘साकु’. हा एक शब्द जेवणाच्या पंगतीतही तुम्हाला वाचवेल, कारण वाढणारा ‘पुरे’ला थांबत नाही.

उभ्याने खायच्या दर्शिनीत आधी गल्ल्यावर पैसे देऊन टोकन घ्यायचं, मग ते काउंटरवर द्यायचं. सकाळी गर्दीत तिथे लांब वाक्यं चालत नाहीत. ‘ओंदु इडली-वडा, ओंदु कापि, सक्करे कडिमे (साखर कमी).’ दोघांत एक कॉफी हवी असेल तर ‘बै-टू’.

नावाचा घोळ

हे कुणी आधी सांगत नाही आणि पुढे फार छळतं. इथे इंग्रजीत ‘त’ लिहायला टी-एच वापरतात, कारण नुसता टी म्हणजे ‘ट’. त्यामुळे यशवंतपूरच्या इंग्रजी पाटीवर टी-एच दिसला तरी ‘थ’ म्हणू नका. आणि तुमचं नाव सविता, अमित किंवा ज्योती असेल तर गॅसच्या, शाळेच्या, दवाखान्याच्या कागदावर त्यात एच घुसणार असं धरूनच चाला. नाव तोंडी सांगूच नका, आधार पुढे करा आणि पावती हातात आल्या आल्या अक्षरं तपासा. बँकेत, विम्यात हाच एक एच नंतर महिनोन्‌महिने नाचवतो.

दुसरं, ‘इनिशियल?’ असं विचारलं जातं. इकडे अनेकांना आडनाव नसतं. गावाचं, वडिलांचं आद्याक्षर आणि स्वतःचं नाव, एवढंच. आपलं नाव-वडील-आडनाव हे तिघंही कारकुनाला नावंच वाटतात आणि तो मनाला येईल त्या क्रमाने भरतो. रकाना बघून स्वतः सांगा.

अडचणीच्या वेळी

वीज गेली तर बेस्कॉमचा, म्हणजे इथल्या वीज कंपनीचा, नंबर १९१२. पोलिसांसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८. फोनवर घाबरून वाक्यं जुळत नाहीत, म्हणून घराचा पत्ता कन्नडमध्ये कागदावर लिहून फ्रिजवर लावून ठेवा. घरी आईवडील येऊन राहणार असतील तर नक्कीच. मालकाच्या मुलाकडून लिहून घ्या.

दवाखान्यात मराठीचा चांगला आधार मिळतो: ताप म्हणजे ज्वर, गोळी म्हणजे मात्रे. दुखण्याला ‘नोवु’: तले नोवु म्हणजे डोकेदुखी, होट्टे नोवु म्हणजे पोटदुखी. डॉक्टरशी इंग्रजी चालते. रात्री सलाईन बघायला येणाऱ्या नर्सबाई बऱ्याचदा केरळच्या असतात, तिथे तुमचं कन्नड आणि त्यांचं कन्नड सारखंच मोडकं.

ठाण्यात तक्रार इंग्रजीत लिहून देता येते. पोलिसांची नोंद मात्र बहुधा कन्नडमध्ये होते. सही करण्याआधी ती वाचून दाखवायला, समजावून सांगायला सांगा. एफआयआरची प्रत विनामूल्य मिळणं हा तक्रारदाराचा हक्क आहे. सोबत कन्नड येणारा एखादा सहकारी किंवा शेजारी असला तर निम्मा ताण जातो.

काय बोलू नये

बेळगाव. तुमचं मत जे असेल ते असो, चहाच्या टपरीवर ते मांडून प्रश्न सुटणार नाही आणि चहा गार होईल. सीमावाद तापला की दोन्ही राज्यांच्या एसटी थांबतात, तेव्हा गणपती-दिवाळीचं तिकीट काढताना बातम्यांवर नजर ठेवा आणि रेल्वेचं आरक्षणही करून ठेवा. १ नोव्हेंबरला राज्योत्सव असतो. गल्लोगल्ली लाल-पिवळे झेंडे लागतात, सोसायटीतही कार्यक्रम होतो. तिथे जाऊन बसा. आपण १ मेला जे करतो तेच हे लोक त्या दिवशी करतात.

शिकायचं कुठे, आणि मुलांचं काय

कन्नड विकास प्राधिकारातर्फे अन्यभाषकांसाठी वर्ग चालतात, मोठ्या कंपन्याही आपल्या कर्मचाऱ्यांसाठी वर्ग घेतात. मनुष्यबळ विभागाला विचारून बघा. चामराजपेठेत १९१५ मध्ये स्थापन झालेली कन्नड साहित्य परिषद आहे. नवशिक्यांसाठीची पुस्तकं तिथे चाळता येतील. पण खरा वर्ग घरकामाला येणाऱ्या अक्कांचा. त्यांना बहुतेक तीन-चार भाषा येतात. ‘माझ्याशी कन्नडच बोला’ एवढं पहिल्याच दिवशी सांगून ठेवा, नाहीतर त्या तुमच्या सोयीसाठी हिंदी शिकून घेतील.

मराठी ऐकावीशी वाटली तर गांधीनगरातलं महाराष्ट्र मंडळ मॅजेस्टिकच्या जवळच आहे.

मुलं बरोबर असतील तर शाळेचं आधी बघा. २०१५ च्या कायद्याने कर्नाटकातल्या शाळांत कन्नड शिकवणं आणलं, केंद्रीय बोर्डांच्या शाळांसह. प्रत्येक शाळा ते आपापल्या पद्धतीने बसवते: कुठे दुसरी भाषा, कुठे तिसरी, कुठे मधल्या इयत्तेत आलेल्या मुलाला वेगळी सोपी परीक्षा. फी भरायच्या आधी मुख्याध्यापकांना तीन गोष्टी विचारा आणि उत्तर ईमेलवर मागून घ्या: माझ्या मुलाला कन्नड कोणत्या पातळीचं असेल, त्याचे गुण वार्षिक निकालात धरतात का, आणि पुढेमागे महाराष्ट्रात बदली झाली तर इथली भाषांची निवड तिकडच्या शाळेत चालेल ना.